रिसर्च पेपरमध्ये सायटेशन आणि रेफरन्स कसे लिहायचे? मोबाईलवरून सुरुवात ते शेवटच्या तपासणीपर्यंत संपूर्ण माहिती

एम.एस्सी.चं डेझर्टेशन असो, पीएच.डी.चा पहिला पेपर असो की कॉलेजच्या प्रोजेक्टमधून तयार झालेला छोटा लेख असो, सगळं लिहून झालं की शेवटी एक काम उरतं. रेफरन्स! आणि आपल्यापैकी बहुतेक जण ते काम सबमिशनच्या आदल्या रात्री करतात. मीही तेच केलं होतं. त्याचं काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढची माहिती का वाचायची ते कळेल.

आम्ही तिघे मिळून विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर पेपर लिहीत होतो. मॅडम गाईड होत्या, ताई पीएच.डी. करत होती आणि मी प्रोजेक्टवर मदतनीस. रेफरन्सची यादी माझ्याकडे होती. एकूण ३८ रेफरन्स मी हाताने टाईप केले, मजकुरात १, २, ३ असे आकडेही हातानेच टाकले. शेवटच्या दिवशी मॅडमनी एक परिच्छेद वाढवला आणि त्यासोबत दोन नवे रेफरन्स आले, सहाव्या क्रमांकानंतर. मी यादीत ते दोन घातले, यादीचे नंबर बदलले. मजकुरातले नंबर बदलायचे मात्र राहून गेले.

आता गंमत बघा. मजकुरात लिहिलं होतं की पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, आणि पुढे आकडा १७. यादीत मात्र १७ नंबरवर आता तलावातल्या माशांवरचा पेपर आला होता. तपासणाऱ्याने नेमका तोच रेफरन्स उघडून पाहिला. त्याने लिहिलं की लेखकांनी संदर्भ वाचलेले दिसत नाहीत, त्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? पेपर परत आला. ताईच्या विद्यापीठात प्रबंध जमा करण्याआधी एक पेपर प्रसिद्ध झालेला लागत होता. माझ्या चुकीमुळे तिचे सात महिने गेले.

पाण्याचे नमुने बरोबर होते, प्रयोग बरोबर होते. चुकले ते फक्त आकडे. म्हणून हा लेख.

सायटेशन आणि रेफरन्समध्ये फरक काय?

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण दोन्ही वेगळे आहेत.

सायटेशन म्हणजे मजकुरात वाक्याच्या शेवटी दिलेली छोटी खूण. ती आकडा असू शकते किंवा लेखकाचं नाव आणि वर्ष.

रेफरन्स म्हणजे लेखाच्या शेवटी असलेल्या यादीतली पूर्ण नोंद. त्यात लेखक, वर्ष, शीर्षक, जर्नलचं नाव, खंड, अंक, पृष्ठं आणि डीओआय असतं.

सायटेशन म्हणजे घराचा नंबर आणि रेफरन्स म्हणजे पूर्ण पत्ता, असं समजा. नंबर एका घराचा आणि पत्ता दुसऱ्याच घराचा असेल तर माणूस पोहोचणार कसा? रेफरन्सचं कामच हे आहे: वाचणाऱ्याला तुमच्या वाक्यापासून मूळ पुराव्यापर्यंत नेणं. स्वल्पविराम, पूर्णविराम, इटॅलिक वगैरे सगळं त्यासाठीच आहे.

मुख्य स्टाईल कोणत्या?

विज्ञानाच्या जर्नलमध्ये साधारण दोन पद्धती दिसतात.

१) आकड्यांची पद्धत. मजकुरात ज्या क्रमाने संदर्भ येतात, त्याच क्रमाने त्यांना नंबर मिळतो आणि यादीही त्याच क्रमाने लागते. व्हँकूव्हर आणि आयईईई या यातल्या ओळखीच्या स्टाईल. १९७८ साली वैद्यकीय जर्नलचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात जमले आणि सगळ्यांनी एकसारखा नमुना मागायचा असं ठरलं. त्यावरून ते नाव पडलं. आयईईई स्टाईल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरच्या पेपरमध्ये दिसते, त्यात आकडा चौकोनी कंसात असतो.

२) लेखक-वर्ष पद्धत. मजकुरात लेखकाचं आडनाव आणि वर्ष येतं, यादी आडनावांच्या अक्षरक्रमाने लागते. एपीए आणि हार्वर्ड या यातल्या. एपीएची सध्याची आवृत्ती सातवी आहे, ती २०१९ मध्ये आली.

आता एकच पेपर वेगवेगळ्या स्टाईलमध्ये कसा दिसतो ते पाहू. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो तो रामन परिणामासाठी. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांचा त्यावरचा लेख १९२८ साली नेचरमध्ये आला होता. (इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतोय. इंग्रजी पेपरमध्ये अर्थातच इंग्रजीत लिहायचं.)

व्हँकूव्हर:
१. रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाईप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१:५०१-२.

एपीए:
रामन, सी. व्ही., आणि कृष्णन, के. एस. (१९२८). अ न्यू टाईप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर, १२१(३०४८), ५०१–५०२. (आणि शेवटी डीओआयची लिंक)

आयईईई:
[१] सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन, "अ न्यू टाईप ऑफ सेकंडरी रेडिएशन," नेचर, खंड १२१, अंक ३०४८, पृ. ५०१–५०२, मार्च १९२८.

नीट बघा, माहिती तीच आहे. मुख्य फरक चार ठिकाणी आहे: आडनाव आधी की आद्याक्षरं आधी, वर्ष कुठे, पृष्ठ पूर्ण की आखूड (व्हँकूव्हरमध्ये ५०१-२) आणि विरामचिन्हं. म्हणजे माहिती एकदा नीट साठवली की स्टाईल बदलणं हे यंत्राचं काम आहे. तुम्ही ते हाताने करायची गरजच नाही.

एपीएच्या आणखी दोन गोष्टी. 'आणि'च्या जागी इंग्रजीत अँडचं चिन्ह येतं, आणि जर्नलचं नाव व खंड इटॅलिक असतात.

लेखक जास्त असतील तर? एपीएच्या सातव्या आवृत्तीत मजकुरात तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिलं आडनाव आणि पुढे 'एट अल.' म्हणजे 'आणि इतर' लिहितात, यादीत मात्र २० लेखकांपर्यंत सगळी नावं येतात. व्हँकूव्हरमध्ये सहसा यादीत पहिली सहा नावं आणि पुढे एट अल. असतं. काही जर्नल तीन नावांवरच थांबतात.

मग माझ्या जर्नलला कोणती स्टाईल लागेल?

हा प्रश्न मित्राला विचारू नका, युट्यूबवर शोधू नका. प्रत्येक जर्नलच्या वेबसाईटवर लेखकांसाठी सूचनांचं पान असतं. ते उघडा आणि या गोष्टी वहीत टिपून घ्या:

• आकडे की लेखक-वर्ष?
• आकडा चौकोनी कंसात, गोल कंसात की ओळीच्या वर छोटा?
• किती लेखकांनंतर एट अल.?
• जर्नलचं नाव पूर्ण की संक्षिप्त?
• डीओआय सक्तीचा आहे का?
• जास्तीत जास्त किती रेफरन्स चालतात?
• अप्रकाशित माहिती आणि प्रीप्रिंट चालतात का?

त्यानंतर त्याच जर्नलचा अलीकडचा एखादा पेपर उघडा आणि त्याची यादी समोर ठेवा. सूचना वाचून न कळलेली गोष्ट छापलेल्या पेपरमध्ये लगेच दिसते. काही जर्नल पहिल्या सबमिशनला कोणतीही एकसारखी स्टाईल चालवून घेतात आणि पेपर स्वीकारल्यावरच त्यांची स्टाईल मागतात. सूचना वाचल्या तर एक रात्र वाचू शकते!

डीओआय म्हणजे काय?

डीओआय म्हणजे एखाद्या लेखाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक. वेबसाईटचा पत्ता बदलतो, प्रकाशक बदलतो, पण डीओआय तोच राहतो. तो नेहमी १० आणि टिंबाने सुरू होतो, मग प्रकाशकाचा नंबर, तिरकी रेघ आणि पुढे त्या लेखाचा स्वतःचा भाग.

रामन-कृष्णन यांच्या लेखाचा डीओआय आहे १०.१०३८/१२१५०१सी०. यात १०३८ हा प्रकाशकाचा भाग आहे, १२१ हा खंड आणि ५०१ हे पान तुम्हाला ओळखू येईल. टाईप करताना अंक इंग्रजी टाका आणि 'सी' हे इंग्रजी छोटं अक्षर. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये डीओआय डॉट ऑर्ग, मग तिरकी रेघ आणि हा क्रमांक टाकला की थेट लेखाच्या पानावर जाता. १९२८ सालच्या लेखाला डीओआय कसा? कारण प्रकाशक जुन्या लेखांनाही नंतर डीओआय देऊ शकतात. त्यामुळे "पेपर जुना आहे, डीओआय नसेल" असं गृहीत धरू नका. क्रॉसरेफच्या सर्चमध्ये शीर्षक टाकून एकदा बघाच.

मोबाईलवर रेफरन्स कसे जमवायचे?

आपण पेपर वाचतो कुठे? बसमध्ये, मेसच्या रांगेत, झोपायच्या आधी, म्हणजे मोबाईलवरच. मग रेफरन्सही तिथेच जमवायचा. दोन मोफत पर्याय सांगतो.

पर्याय १: झोटेरोबिब. ही वेबसाईट आहे. अ‍ॅप नको, अकाउंट नको. छोट्या असाइनमेंटसाठी उत्तम.

१. ब्राउझरमध्ये झोटेरोबिब उघडा.
२. वरच्या चौकटीत डीओआय, पुस्तकाचा आयएसबीएन, पबमेडचा पीएमआयडी किंवा पानाची लिंक पेस्ट करा.
३. नोंद तयार होईल. तिच्यावर टॅप करून प्रत्येक रकाना तपासा.
४. स्टाईल निवडा. यादी लगेच त्या स्टाईलमध्ये बदलते.
५. यादी कॉपी करून घ्या.

लक्षात ठेवा, ही यादी तुमच्या त्याच ब्राउझरमध्ये साठते. ब्राउझरचा डेटा साफ केला तर यादी गेली. म्हणून काम झालं की ती कॉपी करून किंवा लिंक तयार करून ठेवा.

पर्याय २: झोटेरो अ‍ॅप. पेपर, प्रबंध, मोठं काम असेल तर हेच. झोटेरो मोफत आणि मुक्त-स्रोत आहे. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या एका केंद्रातून ते सुरू झालं. आता अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी अ‍ॅप आहे.

१. अ‍ॅप घ्या, मोफत अकाउंट उघडा.
२. ब्राउझरमध्ये पेपरचं मुख्य पान उघडा. पीडीएफ नाही, जिथे सारांश दिसतो ते पान.
३. शेअर बटण दाबा आणि झोटेरो निवडा.
४. नोंद आली की लगेच पाहा: लेखक, वर्ष, खंड, पृष्ठं, डीओआय आलं का?
५. नोटमध्ये एक ओळ लिहा: हा पेपर मी कोणत्या वाक्यासाठी वापरणार आहे.

पाचवी पायरी कोणी सांगत नाही, पण माझ्यासाठी तीच सगळ्यात मोलाची ठरली. चार महिन्यांनी शीर्षक आठवत नाही, ती एक ओळ आठवण करून देते.

मोफत अकाउंटला फाईल साठवायला ३०० एमबी जागा मिळते. पीडीएफ भरपूर असतील तर ती लवकर भरते, पण नुसत्या नोंदी त्या जागेत मोजल्या जात नाहीत. त्यामुळे पीडीएफ दुसरीकडे ठेवून नोंदी इथे ठेवल्या तरी चालतं.

पेपर लिहिताना सायटेशन कशी टाकायची?

इथे मी कॉम्प्युटरच वापरतो. स्वतःचा नसेल तर कॉलेजच्या लॅबमधला, मित्राचा, कोणाचाही. झोटेरो कॉम्प्युटरवर टाकलं की वर्ड, लिब्रे ऑफिस आणि गूगल डॉक्समध्ये त्याचा मेनू येतो. मोबाईलवर जमवलेल्या सगळ्या नोंदी सिंक होऊन तिथे हजर असतात.

१. वाक्याच्या शेवटी कर्सर ठेवा आणि सायटेशन जोडा हे बटण दाबा.
२. पहिल्यांदा स्टाईल विचारेल. जर्नलचं नाव शोधा. झोटेरोकडे दहा हजारांहून जास्त स्टाईल आहेत, तुमच्या जर्नलची मिळण्याची शक्यता बरीच आहे.
३. लेखकाचं नाव टाईप करा, नोंद निवडा, एंटर.
४. सगळं लिहून झालं की लेखाच्या शेवटी कर्सर नेऊन यादी जोडा हे बटण दाबा.

बस्स. आता मध्ये एक परिच्छेद घाला, दोन रेफरन्स वाढवा, चार उडवा. मजकुरातले नंबर आणि यादी दोन्ही आपोआप बदलतात. माझ्या बाबतीत जे घडलं ते इथे घडूच शकत नाही, कारण आकडा तुम्ही टाईप केलेलाच नसतो. एक नियम कायमचा पाळा: सायटेशनचा आकडा हाताने टाईप करायचा नाही. एकही नाही. "हा एकच पटकन टाकतो" असं म्हणून टाकलेला आकडाच नंतर गोंधळ करतो.

जर्नलला पाठवण्याआधी फाईलची एक प्रत करा आणि फक्त त्या प्रतीत सायटेशन अनलिंक करा, म्हणजे ती साधा मजकूर होतात. मूळ फाईल तशीच जपा. दुरुस्त्या मागितल्या की तीच लागते.

सॉफ्टवेअर कुठे चुकतं?

सॉफ्टवेअर तुम्ही दिलेली माहिती सजवतं. माहितीच चुकीची असेल तर ते चुकीची माहिती सुंदर सजवून देतं. या जागा नेहमी तपासा.

संस्थेचं नाव. नायट्रेटची मर्यादा भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५००:२०१२ या मानकात आहे. आमच्या दुसऱ्या यादीत सॉफ्टवेअरने या संस्थेला माणूस समजून 'स्टँडर्ड्स बी. ओ. आय.' असं लिहिलं होतं. ताई हसून म्हणाली, "अरे, हे बी. ओ. आय. स्टँडर्ड्स कोण? आपल्या गावचे का?" उपाय सोपा आहे: झोटेरोमध्ये लेखकाच्या रकान्याशेजारी नाव एका भागात की दोन भागांत हे बदलायचं बटण असतं. संस्थेसाठी एकच भाग निवडा.

आपली नावं. मराठी पद्धतीत कधी आडनाव आधी, कधी शेवटी येतं. जयंत विष्णु नारळीकर हे नाव इंग्रजी यादीत 'नारळीकर जेव्ही' असं येतं. पण एखाद्या ठिकाणी 'नारळीकर जयंत विष्णु' असं स्वल्पविरामाशिवाय लिहिलेलं असेल तर सॉफ्टवेअर विष्णु हेच आडनाव समजतं. भारतीय लेखकांची नोंद घेताना मूळ पेपरचं पहिलं पान उघडून नाव बघाच.

शीर्षकातली कॅपिटल अक्षरं. काही स्टाईलमध्ये प्रत्येक मुख्य शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं, काहींमध्ये फक्त पहिल्या शब्दाचं. झोटेरोमध्ये शीर्षक दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे साध्या वाक्यासारखं साठवा. त्यापासून पहिला प्रकार आपोआप करता येतो. उलटं नीट जमत नाही, कारण कोणतं विशेषनाम आहे हे यंत्राला कळत नाही.

शास्त्रीय नावं आणि सूत्रं. वनस्पती-प्राण्यांची शास्त्रीय नावं इटॅलिक हवीत, रासायनिक सूत्रातला आकडा खाली हवा. कॉपी करताना हे हमखास जातं. झोटेरोच्या शीर्षकात त्या शब्दाभोवती एचटीएमएलचे इटॅलिक किंवा सबस्क्रिप्टचे टॅग टाकले की यादीत ते बरोबर दिसतं.

जर्नलचं संक्षिप्त नाव. ते मनाने बनवायचं नाही, ठरलेल्या याद्या असतात. आणि नेचरसारखं एकाच शब्दाचं नाव आखूड करत नाहीत.

गूगल स्कॉलरचं साईट बटण. पटकन बघायला ठीक आहे, पण तिथून कॉपी केलेली नोंद प्रकाशकाच्या पानाशी ताडून घ्या. अंक क्रमांक किंवा पूर्ण नाव तिथे कधीकधी नसतं.

प्रबंध, मराठी पुस्तक, वेबसाईट यांचं काय?

भारतीय विद्यापीठांतले प्रबंध शोधगंगावर मिळतात. तिथे प्रत्येक प्रबंधाला हँडल नावाची कायमची लिंक असते. ब्राउझरच्या पट्टीतली लांबलचक लिंक न घेता ती हँडलची लिंक घ्या.

मराठी पुस्तक किंवा अहवाल वापरला असेल तर लाजू नका, तोही संदर्भच आहे. इंग्रजी पेपरमध्ये एपीएनुसार शीर्षक रोमन लिपीत लिहून पुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ देतात. मराठी विश्वकोशातली नोंद असेल तर ती त्या नोंदीच्या नावाने द्या, नुसतं 'मराठी विश्वकोश' लिहून सोडू नका.

वेबसाईट असेल तर तुम्ही ती कोणत्या दिवशी पाहिली ती तारीख टिपून ठेवा, बऱ्याच स्टाईल ती मागतात. आणि प्रीप्रिंट वापरला असेल तर सबमिशनच्या आधी एकदा बघा, तो आता जर्नलमध्ये छापून आला आहे का. आला असेल तर छापलेला पेपर द्या.

न वाचता दिलेले रेफरन्स

मित्रांनो, फॉरमॅट परफेक्ट आणि रेफरन्स खोटा, असंही होतं. तीन खऱ्या गोष्टी सांगतो.

पहिली. २००३ साली सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या पेपरचे सुमारे ४,३०० संदर्भ तपासले. त्यांपैकी १९६ संदर्भांत खंड, पान किंवा वर्ष चुकलेलं होतं. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ होत्या, आणि पान क्रमांकाची एकच चूक तर ७८ वेळा आली होती. ७८ जण स्वतंत्रपणे एकच चूक करतील का? उघड आहे, लोक एकमेकांच्या यादीतून कॉपी करत होते. त्यांचा अंदाज असा की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्के लोकच मूळ पेपर वाचतात.

दुसरी. एका मोठ्या प्रकाशकाने लेखकांच्या सूचनांमध्ये रेफरन्स कसा लिहायचा हे दाखवायला एक काल्पनिक पेपर दिला होता, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवरचा. तो पेपर अस्तित्वातच नाही. तरी शेकडो खऱ्या लेखांच्या यादीत तो सापडला! लोकांनी नमुना फाईल वापरली आणि त्यातला नमुना काढायचाच विसरले.

तिसरी, आजची. एआय चॅटबॉटला रेफरन्स मागितला तर तो खऱ्यासारखा दिसणारा पण अस्तित्वात नसलेला पेपर देऊ शकतो. लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष पटण्यासारखं, फक्त पेपर नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले न्यायनिवाडे न तपासता कोर्टात दिले, ते खोटे निघाले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. चॅटबॉटकडून विषय समजून घ्या, पण यादीत जाणारी प्रत्येक नोंद डीओआय उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणखी एक, मागे घेतलेले पेपर. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ सालचा लॅन्सेटमधला पेपर जर्नलने २०१० साली मागे घेतला. असा पेपर नकळत पुरावा म्हणून दिला तर तुमचाच मुद्दा कोसळतो. झोटेरो अशा नोंदीवर लाल इशारा दाखवतं, पबमेडवरही ठळक सूचना असते. तो इशारा दिसला की थांबा.

पाठवण्याआधीची तपासणी

ही यादी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. मजकुरातलं प्रत्येक सायटेशन यादीत आहे का?
२. यादीतला प्रत्येक रेफरन्स मजकुरात कुठेतरी आला आहे का?
३. आकड्यांची पद्धत असेल तर मजकुरात क्रम १, २, ३ असाच पुढे जातो का? तक्ते आणि आकृत्यांखालचे आकडेही बघा.
४. प्रत्येक डीओआय मोबाईलवर उघडून पाहिला का?
५. एकच पेपर यादीत दोनदा आला नाही ना?
६. दोन ठिकाणी एकाच लेखकाचं स्पेलिंग सारखं आहे का?
७. ज्या वाक्यांवर तुमचा निष्कर्ष उभा आहे, त्यांचे रेफरन्स उघडून ते तेच म्हणतात का हे वाचलं का?

सातवा मुद्दा सोडू नका. बाकी सहा चुका वेंधळेपणाच्या वाटतात. सातवी चूक अप्रामाणिकपणाची वाटते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सहलेखकाने हाताने टाकलेले आकडे आहेत, काय करू?
ते काढून त्या जागी सॉफ्टवेअरने सायटेशन टाका. एक संध्याकाळ जाईल, पण सुटका होईल.

मूळ पेपर मिळत नाही, दुसऱ्याच्या पेपरमध्ये त्याचा उल्लेख आहे. चालेल?
शक्यतो मूळ मिळवा, लेखकाला ई-मेल केला तर बरेच जण पाठवतात. नाहीच मिळाला तर तुम्ही जो वाचला त्याचाच संदर्भ द्या आणि 'अमुकच्या लेखात उल्लेख' हे स्पष्ट लिहा.

किती रेफरन्स असावेत?
जर्नलची मर्यादा पाळा. त्या आत प्रत्येक उसन्या विधानाला एक चांगला पुरावा पुरे. एका वाक्यामागे आठ आकडे लावून वजन येत नाही.

शेवटचं

तो पेपर परत आल्यावर मी ताईला सॉरी म्हटलं. ती रागावली नाही, लॅपटॉप उघडून शेजारी बसवलं आणि म्हणाली, "चल, एक-एक डीओआय वाच, मी टाकते." आम्ही सगळे ४० रेफरन्स पुन्हा केले. त्यात कळलं की तीन पेपर मी फक्त सारांशावरून दिले होते, आणि त्यातला एक आमच्या मुद्द्याच्या उलटच सांगत होता. तो आम्ही काढला नाही. उलट चर्चेत त्याच्यावर एक परिच्छेद लिहिला. दुसऱ्या जर्नलच्या तपासणाऱ्याला नेमका तोच परिच्छेद आवडला.

तेव्हापासून मी पेपर वाचायला घेतला की पहिलं काम शेअर आणि झोटेरो. वाचून झाल्यावर नाही, आधी. तुम्हीही आज वाचत असलेल्या एका पेपरपासून सुरुवात करा, दोन मिनिटं लागतात. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणी सबमिशनच्या तयारीत असेल तर हा लेख त्यांना आजच पाठवा, आदल्या रात्री नको!